पांढरीतले मणी

शकुन टोपलं घेऊन पांढरीच्या, म्हणजे जुन्या ओसाड वस्तीच्या, टेकाडावर चढली, तर तिथे एक माणूस खड्ड्याच्या काठाशी पालथा पडून आत डोकावत होता.

"काय हो, पडले का काय?"

"हळू बोला," तो मान न वळवता म्हणाला. "झोपले हायेत."

"कोन?"

"या... पाहा."

परक्या पुरुषाने 'या' म्हटलं म्हणून लगेच जायचं नसतं. पण शकुन गेली. बावीस वर्षांची होती. लहानपणी लग्न लागलं, नवरा पटकीने गेला, आणि आता वडील उत्तमराव पाटील तिचा पाट लावायला निघाले होते. विलायतेत कापसाला मागणी फुटल्यापासून पाटलांच्या घरी पैसा आला होता, आणि पैशाबरोबर अकोल्याच्या एका श्रीमंत बिजवराचं स्थळही. त्याने अंगभर सोनं घालायचं कबूल केलं होतं. शकुनने काहीच कबूल केलं नव्हतं, पण तिला विचारलं होतं कोणी?

दिवाळीआधी घर सारवायला गावच्या बायका इथलीच पांढरी माती नेत. आणि हा मनुष्य होता पुंजाराम, आगगाडीच्या भरावावरचा मुकादम. काळी माती पावसात फुगते म्हणून त्यालाही पांढरीच हवी होती.

खड्ड्यात शेजारी शेजारी तिघांचे सांगाडे होते. लोखंड ठाऊक नसलेल्या कुठल्याशा काळातली माणसं. पुरुषाच्या हाताशी घासून गुळगुळीत केलेली दगडी कुऱ्हाड, उशाशी मडकी. बाईजवळ काहीच नाही. आणि एक मूल... त्याच्या गळ्यात शंखाचे अन् लाल दगडाचे मणीच मणी.

"हा कुऱ्हाडवाला त्या काळचा पाटील," पुंजाराम ऐटीत म्हणाला. "हे बाई कोनाच्या घरी राबनारी. अन् लेकरू मोठ्या घरचं. त्यानं सोता काय कमावलं असन? म्हंजे मान बापाकडून आला."

"तुमाले मुकादम कोनी केलं?"

"काहून?"

"काहीबी सांगता म्हनून." शकुनने टोपलं खाली ठेवलं. "माहा भाऊ लहानपनी गेला. एवढ्या लेकराले आमी जाळत नाई, पुरतो. त्याच्या पायातले चांदीचे वाळे मायनं काढू देल्ले नाईत. तवा घरात चांदी म्हनून तेवढीच होती. उद्या त्याले कोनी उकरलं, तर तुमच्यासारखा एखादा म्हनन, मोठ्या घरचं!"

पुंजारामने पुन्हा एकदा त्या लेकराकडे पाहिलं. मग उठून कपड्यांवरची माती झटकत म्हणाला, "चुकलो."

एवढंच. पण पुरुषाच्या तोंडून हा शब्द शकुन पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तो तिला फार आवडला. बोलणाराही आवडला, हे उघडच होतं. नाहीतर एका घराला रोज रोज इतकी माती कशाला लागली असती?

"भिंती अजून उरल्याच का?" तो विचारी.

"तुमच्या भरावापेक्षा लवकर होतीन," ती म्हणे. टोपलं डोक्यावर चढवताना त्याची बोटं जराशी रेंगाळत... आणि तीही ते चटकन उचलत नसे.

मण्यांची बातमी पाटलांच्या कानी गेली आणि ते तरातरा टेकाडावर आले. शकुन तिथेच होती. पाटलांच्या मते प्रश्नच नव्हता. मणी ज्याअर्थी इतके, त्याअर्थी ते त्यांच्याच घराण्याचे. सोन्यात ओवून शकुनच्या गळ्यात घातले, की अकोल्याच्या पाहुण्यांनाही कळेल की हे कालचे कापूसवाले नव्हेत, पिढीजात आहेत!

"मुकादम, काढा ते मनी."

"नाई पाटील." पुंजारामचा आवाज शांत होता. "साहेबाच्या शिव्या खाईन, खड्डा तिकडे वळवीन. पन लेकराच्या अंगावरचं मी नाई उतरवनार."

"मंग मी उतरवतो!"

पाटील तावातावाने खड्ड्यात उतरले. वाकले. हात पुढे गेला, आणि तिथेच थांबला. ते खाली बसले. शकुनला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"शकुन," ते म्हणाले, "तुह्या मायनं वाळे नवते काढू देल्ले."

"हो बाबा."

पाटलांनी शेजारच्या बाईकडे पाहिलं. "हे मनी हिचेच असतीन, पोरी. आपले होते-नवते ते सारे देल्ले तिनं. अन् सोता हे अशी..."

मग त्यांनी स्वतःच मूठमूठ माती लोटली. पुंजाराम मदतीला उतरला तेव्हा त्यांनी त्याला अडवलं नाही. खड्डा बुजल्यावर हात झटकत त्यांनी विचारलं, "आता अकोल्याले काय कळवू?"

तिला कोणीतरी विचारलं होतं!

"कळवा, पोरगी नाई म्हनते."

"अन् कारन?"

शकुनने पुंजारामकडे पाहिलं. "तुमी सांगता... का मीच सांगू?"

पुंजाराम कानापर्यंत लाल झाला. "मले तर लई दिवसांचं सांगाचं होतं. पन... तुमच्या अंगावर घालाले माह्यापाशी काहीच नाई."

"मले काय पुराले नेऊन राहिले का?" शकुन म्हणाली.

पाटील आधी खोकले, मग त्यांना हसूच आवरेना. डोळे पुसत, पागोटं सावरत ते टेकाड उतरू लागले. चार पावलांवर थांबले.

"मुकादम, उद्या जेवाले या. अन् येतानी आपल्या बापाले संगं आना."