जेवण गार होतंय

आर्मिराचा किनारा यंदाही निवडीत आला नाही, तर आपण काय करणार, ते झाफिरोनं आख्ख्या वस्तीला आधीच सांगून ठेवलं होतं. अथेन्सची बोट पकडायची, त्या मासिकाच्या कचेरीत शिरायचं आणि संपादकाच्या टेबलावर बादलीभर पाणी ओतायचं. आर्मिराचं पाणी. "बघ म्हणावं मेल्या, तळ दिसतो की नाही!"

दर उन्हाळ्याआधी ते मासिक सुट्टीसाठी चांगले समुद्रकिनारे निवडायचं आणि दर वर्षी झाफिरोच्या तोंडाला पानं पुसायचं. शेजारच्या किनाऱ्याला मात्र मान. तिथं दिवसभर गाणी बोंबलत असतात, पाय टाकावा तर तो दुसऱ्याच्या टॉवेलवर पडतो, आणि पाण्यावर अंगाला लावायच्या तेलाचा तवंग. आणि इथं? पांढरे गुळगुळीत गोटे, झाऊच्या झाडांची सावली पार पाण्यापर्यंत, मेल्तेमी वारा सुटला तरी कड्याच्या आडोशाला पाणी कसं निवांत. हे ज्यांना दिसत नाही त्यांना काय म्हणायचं?

राग नुसता मानापानाचा नव्हता. तिचा एकुलता एक मुलगा, अर्गिरिस, जर्मनीत गॅरेजात राबत होता. ईस्टरला फोनवर तो सरळ म्हणाला होता, "आई, यंदा किनारा निवडीत आला तर मी येतो. वरच्या भाड्याच्या खोल्या मी चालवीन, कायमचा येईन. नाहीतर घर विकू आणि तू इकडं ये. तू एकटी तिथं किती दिवस काढणार?" नवऱ्यामागं झाफिरोनं ते घर स्वतःच्या हातानं दर वर्षी चुन्यानं रंगवलं होतं. ते विकायचं? तळपायाची आग मस्तकात गेली होती तिच्या. पण पोराचं चुकत नव्हतं, हेही तिला कळत होतं.

याआधी दोनदा त्या मासिकाची माणसं येऊन गेली होती. झाफिरोच्या ओसरीत बसून भरलेले टोमॅटो चापून खाल्ले, वाहवा केली, गेली. मग फोनवर उत्तर एकच, "फोटो नीट आले नाहीत हो, बाई."

"फोटो नीट आले नाहीत! टोमॅटो मात्र नीट गेले!"

यंदा थेमेलिस नावाचे गृहस्थ आले. सकाळच्या बसनं उतरले, बूट काढून हातात घेतले, पाण्याचा घोट जिभेवर घेऊन थुंकून टाकला, गोटे हातात खेळवून पाहिले. माणूस कामाचा वाटला.

आर्मिराच्या बायका तेव्हा नेहमीप्रमाणे पाण्यात होत्या. इथं सकाळी पोहायला कुणी जात नाही, गप्पा मारायला जातात. डोक्यावर गवती टोप्या, पाणी छातीपर्यंत, गोल करून उभं राहायचं आणि साऱ्या बेटाची उणीदुणी काढायची. त्या गोलात समुद्राकडच्या बाजूला एक जागा मोकळी ठेवायची. शेवटच्या दोघींनी हात धरूनच बाहेर यायचं. आणि काठावरून पाण्यातल्या माणसाला कधीही 'ये' म्हणून हाक मारायची नाही. पोरं कितीही वेळ डुंबत राहोत, आर्मिराच्या आया काठावर उभ्या राहून एवढंच ओरडतात, "जेवण गार होतंय!" भर दुपारी, कुणी चूलही पेटवलेली नसताना. झाफिरोची आईही तसंच ओरडायची. झाफिरोला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं, पण सवय ती सवय. तिनंही अर्गिरिसला जन्मात कधी पाण्यातून 'ये' म्हटलं नव्हतं.

थेमेलिस कॅमेरा घेऊन डावीकडच्या खडकावर चढले आणि थोड्या वेळानं तिथूनच ओरडले, "बाई, तेवढं त्या बाईंना बाजूला व्हायला सांगा ना!"

"गप्पा मारताहेत हो बिचाऱ्या! आत्ता निघतील."

"त्या नाही. पलीकडच्या. एकट्या आहेत त्या."

झाफिरोनं डोळ्यांवर हात धरला. गोलाच्या पलीकडं, त्या मोकळ्या जागेच्या समोर, एक बाई पाठमोरी उभी होती. तपकिरी टोपी, जुन्या बायका पाण्यात घालायच्या तसला बटणांचा घरचा झगा, पाठीवर एक वेणी. तोंड समुद्राकडं. ओळखीची नव्हती.

बायका बाहेर आल्या तेव्हा झाफिरोनं अनेझिनाला गाठलं. अनेझिना शेजारीण, तिच्या आईच्या वयाची.

"ती कोण गं मावशी? कुणाकडं उतरलीय?"

"कुठली?"

"डोळे फुटले का तुझे? ती काय समोर!"

अनेझिनानं मान वर केली नाही. टोपीतलं पाणी झटकत राहिली. "आमची एवढीच टोळी. तू तिकडं बघत बसू नकोस. पाहुणा आलाय, त्याच्या जेवणाचं बघ."

"मला शहाणपण शिकवू नकोस," झाफिरो म्हणाली, पण अनेझिना चालू लागली होती.

दुपारी ओसरीत कलिंगड नि चीज खाता खाता थेमेलिसनी कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. पाणी असं आलं होतं की बोट बुडवावंसं वाटावं. पण प्रत्येकात ती बाई. डाव्या खडकावरून काढलेल्यात पाठमोरी. उजव्या खडकावरून काढलेल्यातही पाठमोरी. इथून, ओसरीतून काढलेल्यातही.

"वळली असेल," झाफिरो म्हणाली.

"तिन्ही वेळा?" थेमेलिस हसले, पण खाणं थांबवून. "खरं सांगू? माझ्या आधीचे दोघं हेच सांगायचे. एक बाई हटत नव्हती म्हणे. आम्हाला वाटायचं, कामचुकार लेकाचे, सबबी सांगताहेत. हे बघा बाई, किनारा सोन्यासारखा आहे. पण मुखपृष्ठावर मोकळं पाणी लागतं, आणि माझी बस चारची."

म्हणजे दोन्ही खेपेला हीच! झाफिरोच्या हातातली सुरी कलिंगडात तशीच राहिली. तिच्या पोराच्या आणि तिच्या मधे ही कोण कुठली सटवी टोपी घालून उभी, आणि वस्तीतल्या एकीलाही तोंड उघडून सांगता येऊ नये?

ती तशीच तरातरा खाली उतरली. थेमेलिस मागोमाग. दुपारच्या झोपेची वेळ, घरोघरी खिडक्या मिटलेल्या. गोटे पायाला चटके देत होते. वारा सुटला होता, झाऊच्या फांद्या नुसत्या भिरभिरत होत्या. त्या टोपीची कड मात्र हलत नव्हती. लाटा तिच्यापर्यंत जात आणि पलीकडं निघत, तिच्या अंगाभोवती पाणी फुटत नव्हतं. कुठूनतरी बंद विहिरीसारखा वास येत होता.

"ओ बाई!"

"अहो, तुम्हालाच म्हणतेय! पाणी काय विकत घेतलंय का तुम्ही? इतक्या वर्षांत दुसरी जागा नाही मिळाली?"

झाफिरो पार पाण्याच्या कडेला गेली.

"माझा मुलगा परक्या मुलखात गाड्यांचं वंगण पुसत बसलाय तुझ्यामुळं! लाज आहे का काही? असं काय आहे गं तिकडं, सारखं बघायला?" तिचा आवाज चिरकला. ती रडकुंडीला आली होती आणि त्याचाही तिला राग आला होता. "नीघ! नीघ म्हणते ना! माझ्या खुर्चीत बस हवं तर, माझ्या ताटात जेव, पण त्या पाण्यातून बाहेर ये! ये!"

शब्द निघून गेला. वरच्या घरांपैकी कुठंतरी एक खिडकी उघडली आणि लगेच मिटली.

टोपी वळू लागली.

तोंड दिसण्याआधी झाफिरोनं डोळे मिटले. का, ते तिला सांगता आलं नसतं. उघडले तेव्हा समुद्र मोकळा होता.

"झकास!" खडकावरून थेमेलिस ओरडले. "आता हलायचं नाही कुणी!"

ती ओसरीत परतली तेव्हा तिच्या खुर्चीखाली पाण्याचं थारोळं होतं. कपातली कॉफी कुणीतरी निम्मी प्यालेली. "ओल्या अंगानं बसायचं हे कुठलं वळण?" ती पुटपुटली आणि फडकं घेऊन पुसायला लागली. पुसलं तरी लाकूड ओलंच राहिलं.

किनारा निवडीत आला. मुखपृष्ठावर. अर्गिरिसनं नोकरी सोडली, तिकीट काढलं, आणि झाफिरो आनंदानं घरभर चुना फासत सुटली.

पण मधल्या दिवसांत काय काय होऊ लागलं! टोमॅटो भरून ठेवावेत तर एक कमी. खुंटीवर तिच्या टोपीशेजारी एक तपकिरी टोपी. तिनं ती दोनदा फेकून दिली आणि दोन्ही वेळा ती पुन्हा तिथंच होती, ओली. भाजीवाला गाडी थांबवून म्हणाला, "बाई, मघाशीच तर वांगी नेलीत! आज लई गोड बोललात की." याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. आपण कधी गोड बोलतो?

बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. किनारा गाजला म्हणून जळताहेत, असं ती धरून चालली.

अर्गिरिस यायचा त्या सकाळी तिनं टोपी चढवली. चुन्यानं अंग चिकट झालं होतं, एक बुडी मारून येऊ. अनेझिना वाटेत आडवी आली. "आज नको उतरूस, पोरी."

"का? आता पाणीही तुझ्या बापाचं?"

म्हातारी वाट सोडून तिच्या मागोमाग पाण्यात उतरली.

पाणी छान होतं. गोलात कुणी तिला जागा दिली नाही, म्हणून ती हट्टानं समुद्राकडच्या त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. बघू, काय करताय! कुणी काहीच केलं नाही. थोड्या वेळानं एकेक जण निघाली. शेवटच्या दोघींनी हात धरले. तिसरा हात कुणी पुढं केला नाही. जाता जाता अनेझिना रडत होती, तिच्याकडं न बघता.

"रुसा मेल्यांनो!" झाफिरो ओरडली आणि काठाकडं वळली.

समोर समुद्र होता.

चुकून जास्त वळलो असू. ती पुन्हा वळली. समोर समुद्र.

पायाखाली गोटे लागत होते. झाऊचा वास मागून येत होता. ती मागं वळली. समुद्र.

मागं, वरच्या रस्त्यावर, टॅक्सीचं दार वाजलं. गोट्यांवर ओळखीची पावलं. अर्गिरिसला लहानपणापासून टाच घासत चालायची खोड.

"अर्गिरिस! अरे, इकडं! मी इथं आहे!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. तोंडातून आवाज गेला की नाही ते तिला कळलं नाही. लाटा तिच्याजवळ येत आणि पलीकडं निघत.

ओसरीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"काय गं आई, फोटोतल्यासारखंच आहे की अगदी," तिचा मुलगा कुणालातरी म्हणाला. "ती कोण गं तिथं पाण्यात? एकटीच उभीय. बाहेर बोलवू का?"

बोलव! झाफिरोच्या सगळ्या अंगाचा कान झाला. फक्त एकदा 'ये' म्हण, सोन्या. एकदाच.

"असेल कुणी पाहुणी," झाफिरोचाच आवाज म्हणाला, पण गोड. "तू तिकडं बघत बसू नकोस. चल, जेवण गार होतंय."