डावीकडची मागची काच

प्रबोधनं ती गाडी घ्यायची ठरवली तेव्हा त्याच्या बायकोनं, विनीतानं, एवढंच विचारलं होतं, "चालते ना?"

चालत होती. क्रीम रंगाची, लांब नाकाची जुनी जर्मन गाडी, त्याच्या मुलीच्या, मैत्रेयीच्या जन्माच्या कितीतरी आधीची. सिंगापूरमधल्या त्यांच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोपासून जवळच एका बंगल्याच्या पोर्चमध्ये ती कापडाखाली झाकून उभी असायची. मालकीण मिसेस चिया म्हणून एक म्हाताऱ्या बाई. नवरा गेल्यापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. प्रबोधनं उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली होती. आता तो सिंगापूरच्या बंदरात एका कंपनीच्या जहाजांची देखभाल बघायचा, म्हणजे दिवसभर फाइली आणि फॅक्स. हाताला ग्रीस लागून युगं झाली होती. त्याला ती गाडी हवीच होती.

इंजिन उत्तम निघालं. ब्रेक, गिअर, सगळं जागच्या जागी. एसी तेवढा दमलेला होता. काचा बटणावर चालणाऱ्या, त्या काळी चैनीच्या. ड्रायव्हरच्या बाजूला चारही काचांची बटणं होती आणि मागच्या दोन्ही दारांवर आपापलं एकेक. पुढच्या काचा वर जाताना जुन्या लिफ्टसारख्या कण्हायच्या. मागची डावी मात्र अलगद जायची. "ही एकच नवीन असल्यासारखी चालते बघ," असं त्यानं पहिल्याच रविवारी विनीताला कौतुकानं सांगितलं.

त्याच संध्याकाळी ती काच वीतभर खाली आलेली दिसली.

बटण दाबून त्यानं ती वर केली. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. जेवायला हॉकर सेंटरला गेले होते, परत येऊन बघतात तर काच खाली आणि पावसानं मागची सीट चिंब. प्रबोध भडकला. मैत्रेयी नेहमी त्याच दाराशी बसायची.

"बटणाशी खेळू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी नाही केलं, पप्पा."

"मग कोणी केलं?"

"आय डोन्ट नो, लाह," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "मी बटण नाही दाबलं. मला फक्त उकडत होतं."

तो नको तेवढा ओरडला. मैत्रेयी रडली नाही. घरी येईपर्यंत ओल्या सीटवर हात ठेवून गप्प बसून राहिली. पुढच्या वेळी तिला उजव्या दाराशी बसवलं. काच तरीही खाली आली, गाडी चालू असताना, बुकित तिमाह रोडच्या सिग्नलला. मागच्या सीटवर डाव्या बाजूला कोणीच नव्हतं. विनीतानं मागे वळून पाहिलं, मग नवऱ्याकडे. ते बघणं प्रबोधला फार झोंबलं.

मग तो त्या काचेच्या मागेच लागला. ऑफिसातून आला की टाय सैल करून थेट पार्किंगमध्ये. बटण उघडून आतले पितळी पत्रे घासून लख्ख केले. रिले बदलला. दार जिथं दुमडतं तिथं वायरी मोडतात, म्हणून तिथली रबरी नळी सोलून एकेक वायर मल्टिमीटरनं तपासली. सगळं ठीक. आणि हे ठीक असणंच त्याला असह्य होत होतं. बिघाड असलेल्या यंत्राशी त्याचं कधी वैर नव्हतं. बिघाड सापडतो, दुरुस्त होतो, संपलं. इथं बिघाडच सापडत नव्हता. त्यात कॉन्डोचा गार्ड दोनदा येऊन सांगून गेला, इथं गाडी दुरुस्त करता येणार नाही सर, मॅनेजमेंट चालवून घेत नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा प्रबोध त्याच्या अंगावर धावून गेला. खिडकीतून विनीतानं ते पाहिलं.

"अरे, एक काच आहे ती," रात्री जेवताना ती म्हणाली. "चिकटपट्टी लाव आणि सोडून दे."

"सोडून दे काय? अख्ख्या जहाजाची वीज गेलेली असताना मी अंधारात फॉल्ट शोधलेत."

"जहाजावर मी नव्हते. मैत्रेयी नव्हती. ती गाडीत बसायला नको म्हणते, कळलंय का तुला?"

त्याला कळलं नव्हतं.

शेवटी त्यानं काचांचा फ्यूजच काढून शर्टाच्या खिशात टाकला. आता चारही काचा मुक्या. पुढच्या दोन्ही आणि मागची उजवी खरोखरच हलेनात. रविवारी दुपारी तो एकटाच चक्कर मारायला निघाला. परत आल्यावर इंजिन बंद केलं, आरशात पाहिलं, तर डावी काच वीतभर खाली. शिवी हासडत त्यानं सवयीनं बटण दाबलं. काच वर गेली. अलगद, आवाज न करता.

मग त्याला खिशातल्या फ्यूजची आठवण झाली.

तो स्टिअरिंग धरून तसाच बसला. घामानं पाठ सीटला चिकटली होती. मग त्याच्यातला इंजिनिअर पुन्हा जागा झाला. उघड होतं, कोणीतरी कधीतरी त्या एका काचेला बॅटरीवरून थेट वायर दिलेली असणार. असले उपद्व्याप जहाजांवरही चालतात. आतलं पॅनेल उघडलं की दिसेल. त्यानं शैलेंद्रला फोन केला.

शैलेंद्र त्याचा जहाजावरचा जुना सोबती, इलेक्ट्रिकल ऑफिसर. आता तोही किनाऱ्यालाच होता, बायको स्मिताबरोबर यिशुनला राहायचा. तिथल्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या ओळखीचं एक गॅरेज होतं. शनिवारी दुपारी मालक जेवायला गेला की जागा आपलीच, असं तो म्हणाला. मनमोकळा, बडबड्या माणूस. प्रबोध गाडी घेऊन पोचला तेव्हा तो बाहेरच उभा होता, हातात इथं मिळते तशी प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी, तीत खोचलेली नळी.

"एका काचेनं चीफ इंजिनिअरला रडवलं म्हणे?"

"आधी बघ, मग हस."

गॅरेजमध्ये पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. त्यांनी आधी बॅटरीच सोडवली आणि बाजूला फरशीवर नेऊन ठेवली. मग डाव्या दाराचे स्क्रू काढले, पॅनेल हलकेच ओढून घेतलं. शैलेंद्रनं आत टॉर्च मारला. बघत राहिला.

"मोटर कुठाय रे?" तो म्हणाला.

मोटर नव्हती. ती बसवायची भोकं गंजून बुजत आली होती. वायरींची टोकं काळ्या पट्टीत गुंडाळलेली, पट्टी वाळून तडकलेली. काच उचलणारा लोखंडी सांगाडासुद्धा कोणीतरी केव्हाच काढून नेला होता. काच नुसती दोन बाजूंच्या रबरी खाचांत होती आणि तिच्याखाली काही नव्हतं. ती धाडकन दाराच्या तळाशी पडायला हवी होती. ती पूर्ण वर होती.

प्रबोधनं तिला दोन्ही तळव्यांनी खाली दाबलं. जराही हलली नाही.

"रबर आवळलं असेल," शैलेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

गॅरेजच्या फोनवरून प्रबोधनं मिसेस चियांना फोन लावला. त्या स्वतःच बोलल्या. मोटर? ती तर नवऱ्यानं केव्हाच काढली, त्या म्हणाल्या. का, ते ठाऊक नाही. तुम्ही का विचारता?

"ती काच खाली येते," प्रबोध म्हणाला.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"वर पण जाते?"

"हो. बटण दाबलं की जाते."

"ओके लाह, देन," बाई म्हणाल्या. सुटल्यासारख्या. आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रबोध परत आला तो तापूनच. सगळं जग मिळून त्याची चेष्टा करतंय असं त्याला वाटत होतं. शैलेंद्र अवजारं पुसून पेटीत भरायला लागला होता.

"हे काय?"

"प्रबोध, जाऊ दे ना. पॅनेल लावू आणि देऊन टाक कोणाला तरी."

"आत काहीतरी आहे. स्प्रिंग असेल, वजन असेल. टॉर्चनं नाही दिसणार. माझा दंड जात नाही त्या फटीतून, तुझा जाईल. तू हात घाल, मी बटण दाबतो."

"बॅटरी काढलीय आपण. बटण दाबून काय होणार?"

"काही होणार नसेल तर घाबरतोस कशाला?"

शैलेंद्र हसला, पण नाइलाजानं. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं, बाही वर केली आणि दाराच्या पोकळीत उजवा हात घातला, कोपर, मग खांद्यापर्यंत. गाल दाराच्या पत्र्याला टेकला. प्रबोधनं पुढच्या सीटवर बसून बटण खाली दाबलं.

काच खाली आली.

"काही लागत नाही हाताला," शैलेंद्र म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात जात होता. "काहीच नाही इथं. पुरे आता."

"आता वर करतो. एकदाच."

"राहू दे रे."

प्रबोधनं बटण वर ओढलं. काच चढू लागली.

"थांब," शैलेंद्र म्हणाला.

मग जरा मोठ्यानं, "थांब. बटण सोड."

"सोडलंय मी."

काच वर चाललीच होती. कुठेही न अडखळता, सावकाश.

शैलेंद्र काचेकडे बघत नव्हता. समोरच्या भिंतीकडे बघत होता. कोणी कानाशी काही सांगत असावं आणि ते नीट ऐकू येत नसावं, तसा.

"हात काढ, शैलेंद्र."

"काढतो."

त्यानं काढला नाही.

बाहेर रस्त्यावरून एक लॉरी गेली. पत्रा थरथरला. काच वर टेकून थांबली.

मग कुठे त्यानं हात बाहेर घेतला, फार हळू, मधेच थांबत. हाताला खरचटलं नव्हतं. तेल नाही, धूळसुद्धा नाही.

"काय होतं आत?"

"काही नाही."

"शैलेंद्र, काय लागलं हाताला?"

"लाव ते पॅनेल," तो म्हणाला. घड्याळ न घेताच तो गॅरेजबाहेर पडला आणि उन्हात घराच्या दिशेनं चालू लागला. डावा हात चालताना हलत होता. उजवा हलत नव्हता.

प्रबोधनं पॅनेल लावलं. बॅटरी मात्र जोडवेना. गॅरेजमालकानं ओळखीच्या भंगारवाल्याला बोलावलं आणि गाडी तिथूनच परस्पर ओढून नेली गेली. साखळीला लटकून ती वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा तिच्या चारही काचा बंद होत्या. ते त्यानं नीट पाहून घेतलं.

घरी येऊन त्यानं मैत्रेयीची माफी मागितली. ती टीव्ही बघत होती. "इट्स ओके, पप्पा," म्हणाली आणि त्याला बसायला जागा करून दिली. विनीतानं गाडीचं नाव काढलं नाही. पुन्हा एमआरटीची मेट्रो आणि टॅक्सी सुरू झाली. घरात हसणंबोलणं परत आलं. पण प्रबोधच्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. आत काय होतं? आयुष्यात सोडून दिलेला तो एकच फॉल्ट होता, आणि त्याचं उत्तर एका माणसाला ठाऊक होतं. शैलेंद्र फोनवर येत नव्हता. स्मिता म्हणायची, झोपलाय, बाहेर गेलाय, आत्ताच कामाला लागलाय. एकदा म्हणाली, "भावजी, तुम्ही घरीच या ना."

घड्याळ परत करायचं निमित्त होतंच. रविवारी सकाळी तो यिशुनला त्यांच्या फ्लॅटवर गेला.

स्मितानं दार उघडलं. घर नीटनेटकं होतं. शैलेंद्र सोफ्यावर बसला होता, दाढी केलेली, चेहरा शांत. पूर्वीपेक्षाही शांत. डाव्या हातानं पोहे खात होता. उजवा हात शेजारी ठेवलेल्या उशीवर होता, तळवा वर, बोटं काहीतरी धरल्यासारखी अर्धवट मिटलेली.

"हाताला काय झालं? डॉक्टरला दाखवलंस का?"

"काही झालं नाहीये हाताला," शैलेंद्र म्हणाला. खालच्या आवाजात.

प्रबोधनं घड्याळ पुढे केलं. शैलेंद्रनं ते डाव्या हातात घेतलं. स्मिता दोघांसाठी चहा घेऊन आली आणि कप टीपॉयवर ठेवताना तिनं बशी वाजू दिली नाही.

"हे बघ, मला माफ कर," प्रबोध म्हणाला. "मी तुला हात घालायला लावायला नको होता. पण आता तरी सांग. मला झोप लागत नाही रे. आत काय होतं?" बोलता बोलता त्याचा आवाज चढला होता.

"हळू," शैलेंद्र म्हणाला.

त्यानं उजव्या तळव्याकडे पाहिलं. अंगठा मिटल्या बोटांवरून सावकाश फिरत होता, पुढे, मागे, पुढे.

"आत्ताच झोपलंय."

प्रबोधनं स्मिताकडे पाहिलं. ती उठली, भिंतीशी गेली आणि पंखा एक नंबर कमी केला.