साळू हसला

"अहो, तिथे नको! त्या गोधडीवर नको—"

मी ओरडेपर्यंत ते बसलेसुद्धा. फस्स... असा आवाज झाला आणि लियांग मास्तरांचा चेहरा असा काही झाला, की काय सांगू!

माझ्या भाचीची, मिआओमिआओची शाळेत राहिलेली टोपी द्यायला ते आले होते. बाहेर बर्फ. आई आपली माणुसकीने म्हणाली, "बसा मास्तर, ओट्यावर उबेला बसा." आता दक्षिणेतल्या भातखाऊ माणसाला काय ठाऊक, की आमच्या उत्तरेत, यानथाईकडे नवं वर्ष तोंडावर आलं, की तापलेल्या विटांच्या ओट्यावरची सगळ्यात उबदार जागा पाहुण्याची नसते, कणकेची असते! सणाची वाफवलेली जनावरं करायला पहाटे मळून परातीत फुगायला ठेवलेली, वरून गोधडीत गुंडाळलेली माझी कणीक... चपाती झाली होती.

"मला वाटलं, उशी आहे," मास्तर पुटपुटले.

"आत्या, मास्तरांनी आपल्या जनावरांना बसून मारलं!" पाच वर्षांचा तोउतोउ किंचाळला.

मी रागवायला तोंड उघडलं आणि... हसत सुटले. खूप दिवसांनी. दादा-वहिनी लांबच्या शहरात कारखान्यात, ही दोन पिल्लं माझ्या आणि आईच्या गळ्यात. गळ्यातच हं, गळ्याशी नाही! पण मला बघायला आलेले लोक "पोरांचं काय?" एवढंच विचारत, चहा संपवत आणि जात. त्यामुळे हल्ली हसायचं तसं राहूनच गेलं होतं.

"शिक्षा!" मिआओमिआओने फर्मान काढलं. "कणीक परत फुगेपर्यंत घरी जायचं नाही. आणि साळू करायचा."

मग काय! मास्तरांनी बाह्या सरसावल्या. तोउतोउने ससा केला, तो डुकरासारखा दिसत होता. मिआओमिआओने मासा केला, त्याला कंगव्याने खवले काढले. मास्तरांचा साळू मात्र बटाटाच.

"काटे असे काढायचे," मी कात्रीने कणकेला टोचे मारून दाखवले. "हात सैल ठेवा. फळ्यावर खडू दाबता तसं नको."

"तुम्ही धरून दाखवा ना."

मी पाहिलं. त्यांच्या नाकावर पीठ, आणि डोळ्यांत... साळसूदपणा तर अजिबात नव्हता.

"मास्तर, वर्गात असे धडे देता?"

"नाही. वर्गात अशा बाई नसतात."

आई चुलीशी उगाचच खोकली. मी काळ्या घेवड्याचे दोन दाणे साळूच्या डोळ्यांना खोचले. माझे कान तापले होते ते चुलीमुळे, असं मी मनाला बजावलं.

चुलीवर वाफवायला ठेवलेल्या वेताच्या करंडीचं झाकण उघडलं. वाफ निवळली. मास्तर वाकले आणि हळहळले, "अरेरे! माझा फुटला!"

आईने कपाळाला हात लावला.

"मास्तर!" मिआओमिआओ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सणाला फुटला म्हणायचं नसतं. हसला म्हणायचं!"

"हसला?"

"पोटातून हसला," मी म्हटलं. "इतका, की चीर पडली."

"बाप रे, मला घामच फुटला—"

"हसला!" दोघं ओरडली.

"घाम हसला," मास्तर शहाण्या मुलासारखे म्हणाले. त्या संध्याकाळी आमच्या घराला किती दिवसांनी घरपण आलं होतं! त्या चपट्या कणकेचे मी आजही आभार मानते.

जाताना ते उंबऱ्याशी थांबले. "उद्या गावी निघालोय. तिथल्या शाळेने बोलावलंय, कायमचं. अजून... काही कळवलं नाही मी."

थांबा, एवढंच म्हणायचं होतं मला.

मी त्यांचा हसलेला साळू खिडकीत ठेवला, तोंड बाहेर करून.

"असा का?"

"आमच्याकडे तसंच. साळू बाहेर जातो, पाठीवर लक्ष्मी घेऊन येतो. नवं वर्ष लागून पंधरा दिवसांनी, दिव्यांच्या पौर्णिमेला त्याचं तोंड आत वळवायचं. म्हणजे... तो घरी आला."

"आणि नाही आला तर?"

"तोंड बाहेरच राहतं," मी म्हटलं आणि घाईघाईने आत गेले.

नवं वर्ष आलं, दादा-वहिनी आले आणि गेलेही. साळू खिडकीत वाळून दगड झाला. पौर्णिमेच्या संध्याकाळी आई म्हणाली, "वळव गं त्याला आता."

"राहू दे," मी म्हटलं. कोणी आलंच नव्हतं, मग खोटं कशाला वळवायचं? मी मागच्या अंगणात जाऊन कंदील टांगत बसले. दोरीला गाठच बसेना. डोळे भरले, की असंच होतं मेलं.

परत आले, तर खिडकीतला साळू माझ्याकडे बघत होता. तोंड आत!

"कोणी वळवला?" माझा आवाज चढला. पोरांनी तोंडावर हात दाबून धरले होते.

"मी," ओट्यावरून आवाज आला. "गोधडी तपासून बसलोय हं!"

मास्तर! नाक थंडीने लाल, शेजारी संत्र्यांची ही मोठी पिशवी.

"तिथल्या शाळेला नाही म्हणून कळवलं," ते म्हणाले. मग उठून जवळ आले आणि पहिल्यांदाच 'तुम्ही' विसरले. "रुइशिन, तू, ही दोन पोरं, आई... मला सगळेच हवेत. चालेन मी तुला?"

देवा, किती दिलंस रे! मी जोरजोरात मान डोलावली, आणि गालांवरून धारा लागल्या.

"आजी, आत्याला रडू फुटलं!" तोउतोउ ओरडला.

मिआओमिआओने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"गाढवा! फुटलं नाही म्हणायचं. हसलं म्हणायचं."