रोक्का सोवेला, एक रात्र

इटलीचा एक प्लॅन करून दिला की मला तीन जेवणं मिळत. पहिलं, "नंदनकाका, आम्हाला जरा गाइड करा" म्हणून. दुसरं, मी नकाशे घेऊन जाई तेव्हा. तिसरं ते परत आल्यावर, फोटो बघायला. तिसऱ्यात गोड हमखास असे, कारण फोटो सहाशे असत. कॅनडातल्या रेजिनासारख्या गावात एकट्या माणसाचे वर्षाला बारा-पंधरा रविवार भरून निघणं काही कमी नाही. त्यासाठी मी, कधीही न पाहिलेल्या देशातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं पाठ केली होती.

माझी खासियत मधली गावं. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस कोणीही निवडतं. त्यात निवडायचं काय? खरा प्रश्न मधल्या रात्रींचा. आमच्या सस्कॅचवान प्रांतात कुत्रा पळाला तर तीन दिवस दिसत राहतो म्हणतात, इतकी जमीन सपाट. त्यामुळे इथल्या माणसाला डोंगरावरच्या गावाची भारी हौस. पण डोंगर म्हटला की बाकीचं आलंच: स्टेशनपासून बस आहे का, रविवारी असते का, सुटकेस ओढत किती पायऱ्या, कुणाचे गुडघे कसे. नवरा-बायकोत कोण चालतं आणि कोण नुसतं चालल्याचं सांगतं, हे मी पहिल्या जेवणातच ओळखत असे.

२००८ मध्ये निमिष आणि अनुया या तरुण जोडप्यासाठी मी एक एक्सेल शीट केली. ती इतकी जमली की दोन महिन्यांत महाराष्ट्र मंडळातल्या तीन घरांनी ईमेलवरून परस्पर उचलली. मला कळलं ते गणपतीच्या पॉटलकमध्ये, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात. "काका, तुमच्यामुळे ऑर्व्हिएतो बघितलं हं!" म्हणणाऱ्यांच्या घराचा उंबरा मी ओलांडलेला नव्हता. नऊ जेवणं बुडाली.

मग पुढच्या शीटमध्ये मी एक गाव घातलं. ऑर्व्हिएतो आणि सिएना यांच्या मध्ये, एक रात्र: रोक्का सोवेला. असं गाव नाही. नाव मी किचनमध्ये, चहा उकळेपर्यंत बनवलं. "बस वळणावर सोडते, पुढे चढ. चौकात विहीर. राहायला एकच घर, हिरवं दार." एवढंच लिहिलं. ज्याच्यासाठी शीट केली त्याला तोंडी सांगितलं, ही ओळ खोड. जो परस्पर उचलेल तो गाव शोधून थकेल आणि मला फोन करील. मग म्हणायचं, "असं का? रविवारी येतो, बसून बघू."

फोन आला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात ग्रोसरीच्या दुकानात संजय भेटला. संजय आणि सुरेखा हे मंडळातलं सगळ्यात जुनं जोडपं. त्याच्या कार्टमध्ये दोन कांदे आणि दह्याचा सगळ्यात लहान डबा होता.

"अहो नंदनराव, थँक्यू म्हणायचं राहिलंच. रोक्का सोवेला! काय जागा काढलीत!"

मला वाटलं, पकडला गेलाय आणि उलट माझीच फिरकी घेतोय. "विहीर बघितलीत का?"

"बघितली ना. वर लोखंडी झाकण, त्यावर मांजरं. आणि ती घरमालकीण, एवढीशी ठेंगणी. दारातच विचारते, हे गाव कोणी सांगितलं? तुमचं नाव सांगितलं, तर वहीत लिहून घेतलं तिने."

झाकण आणि मांजरं मी लिहिली नव्हती.

"सुरेखावहिनींना चढ झेपला?"

"कोणाला?"

"वहिनींना. गुडघे दुखतात ना."

तो हसला. विनोद कळला नाही की माणूस हसतो तसं. "मी एकटा जीव, नंदनराव. वहिनी कुठून आणताय? बरं, या रविवारी मीच येऊ का तुमच्याकडे? एकट्यापुरतं करायचा कंटाळा येतो हो."

घरी येऊन मी मागच्या दिवाळीचा फोटो काढला. खांद्याला खांदा लावून चाळीस माणसं, आणि संजयच्या डावीकडे एका माणसाएवढी मोकळी जागा. मंडळातल्या दोघांना आडून चाचपलं. दोघांनाही संजय बिनलग्नाचाच माहीत होता. माझ्या फडताळात मात्र सुरेखाचा स्टीलचा डबा होता, चकल्या घेऊन आलेला. रिकामा परत करू नये म्हणून राहून गेलेला. झाकणावर नाव कोरलेलं: सौ. सुरेखा. रविवारी मी तो संजयपुढे ठेवला. त्याने नाव वाचलं, त्यावरून अंगठा फिरवला.

"कोणाचा तरी राहिलाय तुमच्याकडे," म्हणाला, आणि भाजी वाढून घेतली.

मी सरकारी ऑफिसात पीकविम्याचे आकडे बघतो. एका नोंदीवरून निष्कर्ष काढत नाही. दुसरी नोंद मार्चमध्ये झाली. मंडळातलेच ऊर्मी आणि प्रताप तीच शीट घेऊन गेले, ऊर्मी आली. एअरपोर्टवरून तिनेच फोन केला, राइड देता का म्हणून. गाडीत तिच्या मांडीवर दोन पासपोर्टांचं पाकीट होतं. त्यात पासपोर्ट एक. दुसऱ्या कप्प्याचं चामडं अजून फुगलेलं.

त्या दिवशी मी ती ओळ पुसली. माझ्या कॉम्प्युटरमधली. बाकी किती इनबॉक्समध्ये होती, कोण जाणे.

मे महिन्यात यशोधराचा फोन आला. ती आणि धम्मदीप नागपूरचे, दोघंही युनिव्हर्सिटीत नोकरीला. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाला मला गाडीतून नेत. दर मंगळवारी यशोधरा फोन करी, जेवलात का विचारायला. बदल्यात काही न मागणारं ते एकच घर. त्यांची जेवणं मी कधी मोजली नव्हती.

"काका, सरप्राइज होतं, पण राहवत नाही. आम्ही उद्या इटलीला निघतोय. तुमचीच शीट!"

"त्यातली ती मधली रात्र," मी म्हणालो, "रोक्का सोवेला. ती काढून टाक."

"काहून? बुकिंग कन्फर्म झालंय ना."

"कोणी केलं कन्फर्म?"

"त्या घरमालकिणीनं. तोडकंमोडकं इंग्लिश, पण गोड बोलली. विचारलं, येताना किती? म्हटलं दोघं. मग विचारते, जाताना किती?" यशोधरा हसू लागली. "म्हटलं, बाई, जाताना पण दोघंच ना! त्यावर नुसता पेनचा आवाज आला. लिहीत होती वाटते."

सांगायचं ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं: ते गाव मी बनवलं, तुम्हा लोकांना पकडायला, मला एकट्याला जेवायला लागू नये म्हणून. पहिला भाग जमला असता. पण पहिला म्हटल्यावर कोणीही विचारणार, का?

मागून धम्मदीप ओरडला, "काकांना सांग, सामान वीस किलोच नेतोय. शाबासकी द्या म्हणावं!"

"रविवारी तिकडे बस नसते," मी म्हणालो.

"एवढंच? टॅक्सी करू."

"चढ फार आहे गं."

"तुम्ही पण ना, काका! आमचे गुडघे शाबूत आहेत. आल्यावर येतो फोटो दाखवायला."

फोन ठेवला आणि लगेच पुन्हा लावला. एंगेज. तीनदा लावला.

चौथ्यांदा लावला नाही.

तीन आठवड्यांनी यशोधरा फोटो घेऊन आली.

एकटी.

फोटो चांगले होते. प्रत्येकात ती जरा कडेला उभी.

"काढले कोणी?" मी विचारलं.

तिने फोटो पुन्हा नीट पाहिला. "टायमर लावला असेल."

विहिरीच्या फोटोत झाकण उघडं होतं. मांजरं कुठे दिसत नव्हती.

"लग्नबिग्न केलं असतं तर असं फिरता आलं असतं का, काका?" ती म्हणाली. मी खीर केली होती. तिने दोनदा घेतली.

आता दर रविवारी तिघंही माझ्याकडे असतात. संजय कांदा चिरतो, ऊर्मी पोळ्या लाटते, यशोधरा मला जागचं हलू देत नाही. गप्पा होतात, हसणं होतं. एकदा मी मध्येच धम्मदीपचं नाव घेतलं. मी पुढे काय सांगतो याची तिघांनी अदबीने वाट पाहिली. मी मीठ मागितलं.

निघताना प्रत्येक जण दार उघडतो आणि बाजूला होतो. एक माणूस बाहेर पडेल एवढा वेळ दार धरून थांबतो, मग स्वतः जातो. बाहेर उणे तीस असलं तरी. असं का करता, ते मी विचारलेलं नाही.

तर हे असं झालं. मिळाले मला: वर्षाचे बावन्न रविवार. दिले सुरेखाने, प्रतापने, धम्मदीपने. माझं गेलं ते एवढंच: तीन वेळा दार उघडं राहतं, तेवढी घरातली ऊब.