सेम्बावांगचं सांबर

सुनावणी दुपारी चारला होती आणि सकाळी अकराला, रान वाचवण्याच्या लढाईतला तिचा जोडीदार विक्रांत, याचा अंजलीला फोन आला.

“अंजली, उद्यान खात्याची बाई विचारतेय, सांबर नक्की आपल्याच रानातलं ना?”

अंजलीने कपाळाला हात लावला. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या लॅबमधून हाफ डे टाकून ती शहराच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगला निघाली. फ्लॅट बांधायचे की नेचर पार्क वाढवायचा, या वादात तीन वर्षं घासून ती पार दमली होती. तिने काढलेल्या खवल्या मांजराच्या फोटोनेही काही हललं नव्हतं. आता कुठे रानातल्या झाडावर बांधलेल्या कॅमेऱ्यातल्या सांबराच्या या एका फोटोने पारडं पार्ककडे झुकलं होतं.

एमआरटी मेट्रोत तिने तो पुन्हा पाहिला. शिंगं उभारलेलं सांबर, गवतावर लांबच लांब सावली. खाली तारीख, वेळ: १२ मे, सकाळी ६:२०.

विक्रांत स्टेशनबाहेरच उभा होता.

“कॅमेऱ्यातलं कार्ड कुणी काढलं?”

“निशिकांतकाकांनी. मी मेभर ट्रेनिंगला होतो.”

“कॅमेऱ्याचं घड्याळ?”

“बघितलं. मिनिटाचाही फरक नाही.”

निशिकांतकाका शिपयार्डमधून निवृत्त झालेले. त्यांनी दारातच चहा विचारला.

“काका, मेमध्ये कुठे होतात?”

“गावी, राधानगरीला. पुतण्याचं लग्न. पंधराला परतलो. उतरल्या उतरल्या घड्याळ अडीच तास पुढे केलं, ही माझी जुनी शिस्त.”

“आणि कॅमेरा?”

“इथेच, झाडावर.”

अंजलीने चहाचा कप खाली ठेवला.

“काका, सिंगापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहा-वीसला मिट्ट काळोख. मग ही सावली कुठली? राधानगरीच्या जंगलात मात्र तेव्हा कोवळं ऊन असतं. कॅमेरा तुमच्यासोबत गावी गेला. तिथे उतरल्यावर तुम्ही त्याचंही घड्याळ लावलंत आणि परतल्यावर पुन्हा. शिस्त नडली. तसंच ठेवलं असतंत तर फोटोवर आठ-पन्नास आलं असतं आणि मला शंकाही आली नसती.”

काकांनी नाकारलं नाही.

“तुझी सरिताकाकू गेल्यापासून रोज सकाळी त्याच रानात जातो मी. तेही गेलं तर कुठे जाऊ? आणि खवल्या मांजरासाठी कोण फ्लॅट थांबवतं गं?”

अंजलीला राग यायला हवा होता. पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

“खवल्या मांजर खरं होतं, काका. तो फोटो मी स्वतः काढलाय.”

तिने तिथूनच मेल करून सांबर मागे घेतलं.

चार वाजता अधिकारी बाईंनी शांतपणे फाइलमधून सांबर काढलं. मग खवल्या मांजराचा फोटो हातात धरून त्यांनी विचारलं, “आणि हे कुठून आणलंत?”