नसलेल्या पेशंटची अपॉइंटमेंट

दाताच्या डॉक्टरांकडे दुपारी चिटपाखरूही फिरकत नसे, म्हणून त्यांच्या वहिनींनी वेटिंग रूममध्येच लॅपटॉप मांडला होता. मुलं हाताबाहेर, म्हणजे हॉस्टेलवर गेल्यापासून त्या एपीआय करायला शिकत होत्या. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला प्रश्न विचारायची खिडकी. अशी एक खिडकी नीट करून दाखवली, की नोकरी पक्की होती. दिरांनी सरावासाठी आपला दवाखानाच देऊन टाकला. "दात माझे, बाकी सगळं तुमचं!"

खिडकी झकास जमली. पेशंटचा नंबर विचारा, अपॉइंटमेंट कळेल. कुठल्या प्रश्नाला काय उत्तर येईल, हेही वहिनींनी शेजारणीला समजेल इतक्या सोप्या भाषेत लिहून काढलं. मग चाचण्या. मुद्दाम वेडेवाकडे नंबर द्यायचे नि खिडकी गडबडते का बघायचं. शून्य नंबरचा पेशंटच नव्हता, तेव्हा उत्तर यायला हवं होतं, 'सापडला नाही'.

आलं, 'वाट बघतोय'.

"भावजी, हा चावटपणा तुमचा?"

"मला मोबाइलवर गजर लावता येत नाही, वहिनी!" आतून डॉक्टर हसले.

वहिनीही हसल्या. सगळा प्रोग्राम त्यांनी पिंजून काढला. ते वाक्य कुठेच नव्हतं. इंटरनेट बंद केलं, पुन्हा विचारलं.

'अजून वाट बघतोय'.

आता मात्र त्यांनी पदर खोचला. कुलूप घालायचं राहिलंच होतं. गुप्त किल्ली दिल्याशिवाय कुणालाही उत्तर मिळू नये, अशी पक्की तजवीज केली आणि किल्ली न देताच एकेक नंबर विचारला. सगळ्यांना 'आत यायला मनाई' आलं. वहिनींनी स्वतःचीच पाठ थोपटली.

मग शून्य.

'मी आतच आहे'.

वहिनींनी मान वर केली. समोरच्या रिकाम्या सोफ्याची गादी खोल दबलेली होती. त्या बघत असतानाच ती सावकाश फुगून वर आली.

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं. मिटलं.

"या, या, बसा!" डॉक्टरांचा नेहमीचा उत्साही आवाज. "आ करा."

वहिनींनी दाराला कान लावला.

"अजून मोठा. हां... अजून थोडा..."

आवाज एकदम बारीक झाला.

"बास, बास. एवढा नको."