खिळ्यावरचा आर्म

विश्वास नेमका कुणावर ठेवायचा, सेरवा? उद्या दुकानाच्या किल्ल्या तुझ्याकडे येतील म्हणून विचारतो. आपल्यात दुकान पोटच्या मुलाकडे जात नाही, बहिणीच्या लेकराकडे जातं. तेव्हा माल जसा तुझा, तसं हेही तुझंच. ऐकून घे.

कुमासीच्या या सुआमे बाजारात गाड्यांचे जुने भाग विकायला बसलो, तेव्हा मला वाचताही येत नव्हतं. अंगठ्याने शिकलो. लोखंडावरून अंगठा फिरवला की ते किती रस्ता चाललंय ते कळायचं. क्वार्तेंग ड्रायव्हर हसायचा, "अदूदादा, वहिनींनाही असंच पारखून आणलंत का?"

त्या सकाळी तो मांपाँगहून प्रवासी उतरवून व्हॅन घेऊन आला. प्रत्येक खड्ड्याला पुढच्या डाव्या चाकातून आवाज... टक... टक.

सार्पाँग मेस्त्री खाली सरकला. "चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मला चीर गेलीय. किती दिवस चालवतोयस असा?"

"तीन आठवडे. खड्डा दिसला की प्रार्थना म्हणतो."

"आणि प्रवासी?"

"तेही म्हणतात. माझ्या गाडीत पाद्री लागत नाही."

त्या व्हॅनचा एकच आर्म माझ्याकडे होता. त्यालाही चीर होती. मी ती वेल्डिंगने जोडून, घासून, वर काळा रंग मारला होता. रंग ओला असताना माझा अंगठा लागला, त्याचा ठसा तसाच राहिला होता. चांगला माल सोमवारी येणार होता. पण तोवर क्वार्तेंग समोरच्या दुकानात गेला असता. कारण एवढंच.

"कसा आहे, दादा?"

"परदेशातल्या गाडीचा. चांगला आहे," मी म्हणालो.

इथली रीत तुला माहीत आहे. काढलेला भाग गाडीवाला सीटखाली टाकून घरी नेतो, म्हणजे कुणी रंगवून पुन्हा विकू नये. क्वार्तेंगने नेला नाही. "तुमच्या दारातून जुना भाग नेला तर तुमच्यावर संशय घेतल्यासारखं होईल," म्हणाला आणि स्वतःच्या हाताने तो चिरलेला आर्म दाराशेजारच्या या खिळ्याला अडकवून गेला.

शुक्रवारी मांपाँगच्या घाटात, वळणावर, चाक आत दुमडलं. प्रवासी हातपाय मोडून का होईना, बाहेर आले. क्वार्तेंग आला नाही.

अंत्यविधीला मी काळं-लाल वस्त्र पांघरून पुढच्या रांगेत बसलो. त्याची बायको येईल त्याला सांगत होती, "गाडीत दोष नव्हता हो. आदल्याच आठवड्यात अदूदादांकडचा भाग बसवला होता." मी पाणी प्यायलो. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, सेरवा. आजवर उघडलं नाही.

मग उत्तरेकडचा धुळीचा वारा सुरू झाला. एका दुपारी धूळ इतकी दाटली की समोरचं दुकान दिसेना. इथले हातोडे कधी थांबत नाहीत. त्या दुपारी एकेक करत सगळे थांबले. तापलेल्या ब्रेकचा वास आला, त्यामागून ओल्या रंगाचा. आणि रस्त्यावरून... टक... टक... अगदी सावकाश. आवाज दारापाशी थांबला. मी मान वर केली नाही.

"अदूदादा..."

"कोण आहे?"

"माझा जुना द्या ना... त्याची चीर मला ठाऊक होती. त्याला मी जपून चालवत होतो..."

घे म्हणायचं होतं. मी हातातला नट घासत राहिलो. खिळा करकरला. मग ते टक... टक... मांपाँगच्या दिशेला लांब गेलं.

धूळ बसल्यावर पाहिलं. क्वार्तेंगचा आर्म गेला होता, पण खिळा रिकामा नव्हता. तिथे हा काळा आर्म लटकत होता. पोलिसांच्या आवारात याचे दोन तुकडे सार्पाँगने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. इथे मात्र तो अखंड. ठशावर अंगठा ठेवला तर नेमका बसला, आणि काळा झाला. त्याला अकरा वर्षं झाली. रंग अजून वाळलेला नाही.

तो विकू नकोस. काढूही नकोस. मालाच्या वहीत मी तो कधी लिहिला नाही, तू लिही: लोअर आर्म एक, जोडलेला. पुढेही जोडलेल्याला जोडलेलाच लिहायचं, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं तरी. तू अजून त्या खिळ्याजवळ गेलेली नाहीस, मी बघतोय. तरी वही उघडण्याआधी तुझा अंगठा पूस, पोरी, पानाला काळं लागेल. मग हिशेब लिही, आणि खरा लिही.